आठ पौंडांची इस्त्री आणि फुटपाथवरच्या ट्रंका: चिनी स्थलांतरितांच्या वस्तू का जपायच्या?

मोगरा_जर्सी (धागाकर्ती)

मी न्यू जर्सीत राहते आणि नोकरीसाठी रोज मॅनहॅटनला जाते. ऑफिसपासून चायनाटाऊन पायी पंधरा मिनिटांवर आहे, त्यामुळे दुपारचं जेवण बरेचदा तिकडेच होतं. २४ जानेवारी २०२० ला दुपारी मी मलबेरी स्ट्रीटच्या तोंडाशी पोचले तर पुढे जाऊच देत नव्हते. आदल्या रात्री ७० नंबरच्या इमारतीला आग लागली होती. चिनी नववर्ष एका दिवसावर आलेलं, सगळीकडे लाल कंदील टांगलेले, आणि रस्त्यावर जळक्या लाकडाचा ओला वास. माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. त्या कुणाशीच बोलत नव्हत्या, नुसत्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत होत्या.

त्या दुसऱ्या मजल्यावर 'म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका'चा संग्रह होता, हे मला संध्याकाळी बातम्यांमधून कळलं. सुमारे ८५ हजार वस्तू. संग्रहालयाची दालनं वेगळ्या जागी, सेंटर स्ट्रीटवर आहेत, पण साठा या जुन्या शाळेच्या इमारतीत ठेवलेला होता. आग वरच्या मजल्यांना लागली. ज्वाळा खाली आल्या नाहीत, पण बंबांचं पाणी आलं. इमारत धोकादायक ठरल्यामुळे लगेच आत जाता येईना, आणि भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला दोनतीन दिवस पुरतात. सुरुवातीला तर सगळंच गेलं असं धरून चालले होते. पुढच्या काही आठवड्यांत खोकी बाहेर निघत गेली आणि बहुतेक संग्रह वाचवता येईल असं दिसू लागलं. सुमारे ३५ हजार वस्तूंच्या डिजिटल प्रती आधीच काढलेल्या होत्या.

तेव्हापासून मी त्या संग्रहालयात वरचेवर जाते. त्याची सुरुवात कशी झाली हे सांगण्यासाठी खरं तर हा धागा काढलाय. १९८० साली जॅक चेन आणि चार्ली लाय या दोन तरुणांनी 'न्यू यॉर्क चायनाटाऊन हिस्टरी प्रोजेक्ट' सुरू केला. त्या काळात चायनाटाऊनमधले एकटे राहणारे म्हातारे एकेक करून जात होते. खोली रिकामी करायला घरमालक माणूस लावायचा आणि आयुष्यभराचा संसार फुटपाथवर यायचा: ट्रंका, पत्रांचे गठ्ठे, धोबीखान्याच्या पाट्या, फोटो. या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यातलं कितीतरी अक्षरशः कचऱ्याच्या पेट्यांतून उचलून आणलं.

हे म्हातारे एकटे का होते, हे समजलं की त्या ट्रंकांचं मोल कळतं. १८७५ च्या कायद्यानं चिनी बायकांना अमेरिकेत येणं जवळजवळ अशक्य झालं. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांनाच बंदी केली आणि चिनी माणसाला नागरिकत्व मिळणार नाही असं ठरवलं. तो कायदा १९४३ साली उठला आणि तेव्हा कोटा ठरला वर्षाला १०५ माणसांचा. म्हणजे दोन पिढ्यांचे पुरुष इथे कपडे धूत राहिले आणि बायका तिकडे गावात. भेट झालीच तर बोटीनं, पाचदहा वर्षांतून एकदा.

संग्रहालयात पहिल्यांदा गेले तेव्हा मी धोबीकामाच्या इस्त्रीपाशी बराच वेळ थांबले होते. आठ पौंड वजन, म्हणजे साडेतीन किलोच्या वर. हे लोक आपल्या धंद्यालाच 'आठ पौंडांची रोजीरोटी' म्हणायचे. दिवसाचे सोळा तास ती उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. धोबीखान्याच्या इतिहासावर आकडेवारीची पुस्तकं मिळतात, पण ती इस्त्री डोळ्यांसमोर आली आणि मला माझं मनगट आठवलं.

तुम्हाला काय वाटतं? असं जपणं किती मोलाचं आहे? आपल्याकडे असं काही पाहिलंय का?

रोखठोक_नाना

लेख चांगला आहे, पण माझा प्रश्न आहे. या लोकांची माहिती कमी आहे असं नाही. अमेरिकन सरकारनं बंदीच्या काळात येणाऱ्याजाणाऱ्या चिनी माणसांच्या फायली केल्या. फोटो, जबान्या, घराचे नकाशे, सगळं राष्ट्रीय अभिलेखागारात व्यवस्थित आहे. अभ्यासकाला याहून जास्त काय हवं? इस्त्र्या आणि ट्रंका ठेवायला मॅनहॅटनमध्ये जागा किती महाग पडते! तेच पैसे त्या वस्तीतल्या आजच्या म्हाताऱ्यांच्या घरांसाठी गेले तर जास्त बरं नाही का? मी मनापासून विचारतोय.

दस्तऐवज

नाना, प्रश्न रास्त आहे. मी अभिलेखागारातच काम करतो (मुंबईत), म्हणून सविस्तर लिहितो.

त्या फायली कशासाठी तयार झाल्या ते बघा. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्मनोंदींचे कागद जळाले. त्यानंतर बऱ्याच चिनी पुरुषांनी 'माझा जन्म इथलाच' असा दावा केला, कारण नागरिकाच्या मुलाला येता यायचं. मग गावी मुलगा झाल्याची नोंद करायची आणि ती जागा पुतण्याला, शेजाऱ्याच्या पोराला किंवा पैसे देणाऱ्याला द्यायची. यांना 'कागदी मुलगा' म्हणत. सरकारला हे माहीत होतं, म्हणून उलटतपासणी व्हायची: तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कोठी कुठल्या कोपऱ्यात? तुमच्या ओळीतलं तिसरं घर कुणाचं? बापाचं उत्तर आणि मुलाचं उत्तर जुळलं नाही तर परत पाठवणी.

यासाठी पोरं बोटीवर उत्तरांची वही घोकत यायची आणि किनारा दिसायला लागला की ती समुद्रात टाकायची. म्हणजे आता गंमत बघा. फाईल शाबूत आहे, पण त्यातलं नाव खोटं, बाप खोटा, कधीकधी गावही खोटं. पोटासाठी बोललेलं खोटं सरकारी शिक्क्यासह सुरक्षित राहिलं. खरं आडनाव घरातल्या पत्रांत, फोटोच्या पाठीवर, मोजक्या उरलेल्या त्या वह्यांमध्ये. फाईल त्यांना संशयित म्हणून ओळखते. बायकोचा नवरा किंवा कुणाचा मित्र म्हणून ते कोण होते, हे ट्रंकेत सापडतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय इतिहास लिहिता येत नाही. आमच्या कामात नुसत्या सरकारी कागदावर विसंबणारा माणूस हमखास फसतो.

जाता जाता भिजलेल्या कागदांविषयी, कारण ते माझं रोजचं काम आहे. असे कागद एकदम सुकवत नाहीत, आधी गोठवतात. त्यामुळे बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. मग हवा काढून घेतलेल्या कोठीत ठेवतात. तिथे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, म्हणून शाई फुटत नाही आणि पानं एकमेकांना चिकटत नाहीत. मलबेरी स्ट्रीटचे कागद याच कामासाठी पेनसिल्व्हेनियात पाठवले होते.

काजवा

दस्तऐवज यांच्या प्रतिसादाला जोड. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० हे लोक अडकवून ठेवत. कुणी काही आठवडे, कुणी वर्षाच्या वर. त्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. अधिकाऱ्यांच्या लेखी ती नुसती खरडाखरड होती, त्यांनी लांबी भरली आणि वरून रंग मारले. पुढे इमारत पडायला आली, ती पाडायचंही ठरलं होतं. १९७० साली अलेक्झांडर वाइस नावाच्या उद्यानरक्षकाला विजेरीच्या उजेडात रंगाखालची अक्षरं दिसली. आज २०० च्या वर कविता नोंदवलेल्या आहेत.

मी गेल्या वर्षी आईबाबांना घेऊन गेलो होतो. हात लावायला मनाई आहे, पण खिडकीतून तिरपा उजेड आला की अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. बाबा वारकरी, त्यांना अक्षर कळायचा प्रश्नच नव्हता. ते खूप वेळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "फुरसतीनं नाही कोरलेलं हे."

मोगरा_जर्सी

काजवा, बाबांचं वाक्य वाचून पुढचं काही मिनिटं काहीच केलं नाही.

पाऊसवेडा_पोर्टलंड

ऑरेगनमध्ये राहतो. आमच्याकडून पूर्वेला पाचेक तास गाडी हाकली की जॉन डे नावाचं छोटं गाव लागतं. तिथे 'काम वा चुंग' म्हणून दगडी बांधणीचं एक दुकान आहे. १८८० च्या दशकात इंग हे आणि लुंग ऑन या दोघांनी ते चालवायला घेतलं. लुंग ऑन धंदा बघायचा. किराणा, सोन्याच्या खाणीवरच्या मजुरांना लागणारं सामान, पत्रं लिहून देणं. इंग हे वैद्य होता आणि त्याची ख्याती कशासाठी होती? नाडीपरीक्षेसाठी! मनगटावर बोटं ठेवून रोग सांगायचा. गोरे शेतकरी आणि गुराखीसुद्धा लांबून यायचे.

लुंग ऑन १९४० मध्ये वारला. १९४८ मध्ये इंग हेला पोर्टलंडच्या शुश्रूषागृहात हलवलं आणि दुकानाला कुलूप लागलं. १९५२ मध्ये तोही गेला. इमारत गावाच्या मालकीची झाली आणि लोक विसरून गेले. वीसेक वर्षांनी दार उघडलं तेव्हा सगळं जसंच्या तसं: फळ्यांवर औषधांची खोकी, ५०० च्या वर वनस्पती आणि द्रव्यं, देव्हारा, चहाची भांडी, निजायच्या बाकड्या. वैद्याच्या पलंगाखाली न वटवलेले धनादेश निघाले, २३ हजार डॉलरांच्या वर. रोग्यांनी दिलेले पैसे त्यानं बँकेत नेलेच नव्हते. गावातले लोक कारण सांगतात की समोरच्याची ओढगस्त त्याला माहीत होती.

नाना, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्या पलंगाखाली आहे. हे कुठल्या सरकारी फायलीत आलं असतं?

रोखठोक_नाना

धनादेशांची गोष्ट मनाला लागली. फायलींबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो, दस्तऐवज यांनी ते नीट समजावलं.

पैशांचा मुद्दा मात्र सोडत नाही. थोडं वाचलं. शहरानं चायनाटाऊनमध्ये नवा टोलेजंग तुरुंग बांधायचं ठरवलं आणि त्याच सुमारास या संग्रहालयाला साडेतीन कोटी डॉलर जाहीर झाले. वस्तीतल्या बऱ्याच जणांनी दारासमोर निदर्शनं केली आणि काही कलाकारांनी आपलं प्रदर्शन मागे घेतलं. संग्रहालयानं असा कुठलाही सौदा झाल्याचं नाकारलं आणि तुरुंगाला आपलाही विरोध असल्याचं सांगितलं. खरंखोटं मी इथे बसून ठरवणार नाही. पण ज्यांच्या आजोबांची ट्रंक आत आहे तेच लोक बाहेर फलक घेऊन उभे असतील, तर ती ट्रंक नक्की कुणाची?

मोगरा_जर्सी

नाना, मीही त्या निदर्शनांच्या बाजूनं गेलेय, त्या मुलांची पत्रकं घेतलीत. त्यांचा राग मला खरा वाटतो. जुन्या धोबीखान्यांची आठवण काचेत ठेवायची आणि शेजारच्या गल्लीतली भाडी वाढून आजचे लोक बाहेर जायचे, हे दुखणारच. पण त्या भांडणातही कुणी 'वस्तू फेकून द्या' म्हणालं नाही. त्या वस्तू आपल्या आहेत, म्हणून तर भांडण होतं.

आणि संग्रह फक्त शंभर वर्षांपूर्वीचा नाही. ६ जून १९९३ ला 'गोल्डन व्हेंचर' नावाचं जहाज क्वीन्सच्या किनाऱ्यावर रुतलं. आत २८६ चिनी माणसं. अंधारात थंड पाण्यात उड्या मारल्या त्यात १० जण गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांना पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या तुरुंगात ठेवलं आणि शेवटचे लोक सुटले फेब्रुवारी १९९७ मध्ये. पावणेचार वर्षं! हातात काही नाही, म्हणून त्यांनी मासिकांच्या पानांच्या घड्या घातल्या, टॉयलेट पेपर भिजवून लगदा केला आणि त्यातून गरुड, जहाजं, देवळं, अननस घडवले. त्यांचे खटले फुकट लढणाऱ्या वकिलांना ते भेट द्यायचे. यातल्या बऱ्याच कलाकृती या संग्रहालयाकडे आहेत.

एक गरुड मी जवळून पाहिला. प्रत्येक पीस म्हणजे मासिकाच्या पानाची बोटभर त्रिकोणी घडी, एकीत दुसरी अडकवलेली. मान वाकवून बघितलं तर पंखाच्या आतल्या बाजूला जाहिरातीतल्या कुठल्यातरी बाईचा अर्धा डोळा दिसतो.

सातारकर_वाईचा

विषय लांबचा वाटला म्हणून आधी उघडला नव्हता, मग आमचा महाबळेश्वर आठवला. चायनामन फॉल सगळ्यांनी पाहिलाय. नाव कुठून आलं ते किती जणांना ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकात, १८३४ च्या सुमारास, इंग्रजांनी महाबळेश्वरला तुरुंग बांधला. मलाया-सिंगापूरकडून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवत. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. या कैद्यांनी रस्त्यांची कामं केली, भाजीपाला आणि बटाटा पिकवला. त्या धबधब्याजवळ त्यांचे मळे होते.

लहानपणापासून मी तिथे शंभरदा गेलोय. मक्याचं कणीस खायचं, फोटो काढायचे, परत. तिथे येणाऱ्याला धबधब्याच्या नावापलीकडे त्या माणसांची कसलीच ओळख होत नाही. आज हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की त्यांच्यातल्या कुणाची एखादी कुदळ, एखादं भांडं कुणी ठेवलं असतं तर आपण तिथे वेगळ्या नजरेनं उभे राहिलो असतो.

भायखळ्याचा

मुंबईचं कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. माझगावला नवाब टँक रोडवर, डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ, चिनी मंदिर आहे: सी यप कून. १९१९ सालचं. खाली पूर्वी खलाशांची उतरायची सोय होती आणि वर देवघर. मी दोनदा गेलोय. चढताना जिना करकरतो, वर लाल पडदे, उदबत्तीचा धूर आणि नशीब बघायच्या बांबूच्या काड्यांचं भांडं. एकेकाळी माझगाव आणि कामाठीपुऱ्याच्या बाजूला चिनी लोकांची चांगली वस्ती होती. गोदीत सुतारकाम करणारे, दंतवैद्य, चपला करणारे. ६२ च्या युद्धानंतर ती ओसरत गेली.

दस्तऐवज

भायखळ्याचा, 'सी यप' म्हणजे 'चार तालुके'. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदाँग प्रांतातले. मोगराताईंनी लिहिलेले न्यू यॉर्कचे धोबी आणि एंजल बेटावरचे कितीतरी जण याच चार तालुक्यांमधून निघालेले. कोलकात्यातही याच नावाचं मंदिर आहे. एकाच गावातला एक भाऊ मॅनहॅटनला इस्त्री करत असेल आणि दुसरा माझगावच्या गोदीत रंधा मारत असेल, असं सहज घडलं असणार.

६२ चा विषय निघालाच आहे तर लिहायलाच हवं. त्या युद्धानंतर आसाम, बंगालमधल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. त्यात आसामच्या माकुमसारख्या ठिकाणी पिढ्यान्पिढ्या राहिलेली आणि आसामी बोलणारी कुटुंबं होती. शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले. परतल्यावर अनेकांना आपली घरं आणि दुकानं लिलावात गेलेली दिसली. ही तीच देवळी, जिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी कॉम्रेड डांग्यांना ठेवलं होतं. डांग्यांच्या देवळीबद्दल मराठीत वाचायला मिळतं. या दुसऱ्या देवळीबद्दल आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकलं? माणसं कॅनडात वगैरे विखुरली आणि आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या. लिलावात घरच गेलं की ट्रंक कुठून उरणार?

रोखठोक_नाना

देवळीचं मला खरंच ठाऊक नव्हतं. माझं वय ७१. ६२ साली मी शाळेत होतो, युद्धनिधीसाठी घरोघर डबा फिरवलेला आठवतो. आमच्या आळीच्या तोंडाशी एक चिनी चपलावाला होता. एक दिवस दुकान बंद झालं. आम्ही पोरांनी फळीवर खडूनं काय काय लिहिलं होतं ते आठवतंय आणि आज ते इथे लिहवत नाही. तो कुठे गेला, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मोगरा_जर्सी

नाना, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. जमलं तर दुकान कुठे होतं, पाटी कशी होती, तो कसा दिसायचा, जे आठवेल ते तारीख घालून एका कागदावर उतरवून ठेवा. खडूचंही. इथे संग्रहालयात म्हाताऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आहेत, त्याही संग्रहच मानतात.

भायखळ्याचा

माझ्या आजोबांची कवळी एका चिनी दंतवैद्यानं केली होती, असं आई सांगते. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. माळ्यावर त्यांची एक पेटी आहे. रविवारी काढतो.

भायखळ्याचा

काढली. पत्र्याची पानाच्या डब्यापेक्षा लहान डबी, आत फडक्यात कवळी. झाकणाच्या आत चार घड्या घातलेली पावती. वर तीन चिनी अक्षरं छापलेली, खाली इंग्रजीत 'शुक्लाजी स्ट्रीट, बॉम्बे'. तारखेतलं साल दिसतं, १९५८. रकमेची जागा कसरीनं खाल्लीय. आजोबांचं आडनाव चुकीचं लिहिलंय, ते पेन्सिलीनं खोडून दुसऱ्या हातानं दुरुस्त केलंय. फोटो टाकतोय. काय करू याचं?

दस्तऐवज

घड्या जोरानं उघडू नका, टेप अजिबात लावू नका. सपाट लिफाफ्यात ठेवा आणि कवळीच्या डबीपासून वेगळी, पत्र्याचा गंज कागदाला लागतो. आईनं सांगितलेलं सगळं वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीनं लिहा. पावतीच्या पाठीवर काहीही लिहू नका.

मोगरा_जर्सी

माझी एक सहकारी हाँगकाँगची आहे, तिला फोटो दाखवला. शेवटची दोन अक्षरं 'दंतवैद्यक'. पहिलं अक्षर आडनाव आहे. ते कुटुंब कदाचित अजून मुंबईत असेल, म्हणून इथे लिहीत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

भायखळ्याचा

व्यनि मिळाला. आईला वाचून दाखवलं. तिनं दोनतीनदा म्हणून बघितलं. आमच्या घरात आजवर ते नुसते 'चिनी डॉक्टर' होते.